खिडकी अडवून बसलेले

नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या चार स्टेशनांच्या पट्ट्यात सिंधुदुर्ग-रत्नागिरीची किती माणसं राहतात, याचा अंदाज घ्यायला जनगणनेचे आकडे चाळायची गरज नाही. गणपतीच्या साठ दिवस आधीची सकाळ बघावी. आठ वाजायला पाच मिनिटं असताना घरातले सगळे मोबाईल चार्जरवरून निघालेले असतात, प्रवाशांची नावं ‘मास्टर लिस्ट’मध्ये आधीच भरून ठेवलेली असतात आणि ओटीपी ज्याच्या नंबरवर येणार त्याला आंघोळीला जायची मनाई असते. आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, एवढाच काय तो फरक. त्याच वर्षी २९ ऑगस्टला वांद्रे टर्मिनस–मडगाव ही गाडी सुरू झाली. ती वसई रोड, भिवंडी रोड, पनवेल अशी जाते, त्यामुळे दादर किंवा ठाणे गाठायची वसईकरांची यातायात वाचली. पण आठच्या ठोक्याला जे व्हायचं ते होतंच. पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र येतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, “सर्व्हर डाऊन आहे.”

तलाठी कार्यालयापासून बँकेच्या काउंटरपर्यंत हे वाक्य आता मराठीत इतकं रुळलंय की त्याच्या खरेपणाची चौकशी कुणी करत नाही. गंमत अशी, की असं म्हटलं जातं तेव्हा सर्व्हर बहुतेक वेळा पडलेला नसतो. तो जिवंत असतो, कित्येकदा तर निवांतही असतो. त्याच्याकडे पोचायच्या वाटा तेवढ्या भरलेल्या असतात, आणि त्या अडवून बसलेल्यांपैकी बरेच जण त्या क्षणी काहीच करत नसतात. या वाटांना डेटाबेसच्या भाषेत कनेक्शन म्हणतात, आणि त्या वाटेवर चालणाऱ्या संवादाला सेशन. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला या दोन गोष्टी नीट कळल्या, तर ‘सर्व्हर डाऊन’चे निम्मे प्रसंग टळतील.

आधी खिडकीपासून सुरुवात करू. रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत आणि १९८७ मध्ये मुंबईत आलं. सीएमसी या सरकारी कंपनीने ते उभं केलं होतं. पुढे १९८६ साली स्थापन झालेल्या ‘क्रिस’ने, म्हणजे रेल्वेच्याच माहिती-यंत्रणा केंद्राने, देशभरातली आरक्षण केंद्रं एकमेकांना जोडली, आणि एप्रिल १९९९ मध्ये ते जाळं पूर्ण झालं. या व्यवस्थेत खिडकीमागचा कर्मचारी पाळीच्या सुरुवातीला आपल्या आयडीने लॉग-इन करतो आणि पाळी संपेपर्यंत त्याचं टर्मिनल यंत्रणेला जोडलेलं असतं. एका खिडकीला एक जोडणी. देशात खिडक्या किती, हे यंत्रणेला पक्कं ठाऊक. समोर दोनशे माणसांची रांग असो की वीस जणांची, संगणकाला त्याचा पत्ताच नाही, कारण रांग स्टेशनाबाहेर उन्हात उभी असते.

रांगेत उभं राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती व्यवस्था छळवादी होती, यात वाद नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती आदर्श होती.

३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकीटविक्री सुरू झाली आणि रांग उन्हातून उठून थेट संगणकाच्या दारात आली. आता दहातली आठांहून अधिक आरक्षित तिकिटं ऑनलाइन निघतात. खिडक्या मोजता येत होत्या. मोबाईल मोजता येत नाहीत.

इथे नव्या प्रोग्रॅमरचा एक गैरसमज दूर करायला हवा. नालासोपाऱ्यातला मोबाईल डेटाबेसला थेट जोडला जात नाही. तो बोलतो मधल्या ॲप्लिकेशन सर्व्हरशी, आणि ॲप्लिकेशन सर्व्हर बोलतो डेटाबेसशी. म्हणजे डेटाबेसच्या लेखी ‘क्लायंट’ हा तो मधला प्रोग्रॅम, ग्राहक नव्हे. नव्वदच्या दशकातल्या ऑफिसांत तसं नव्हतं. तिथे टेबलावरच्या प्रत्येक पीसीतून थेट डेटाबेसला जोडणी जायची. चाळीस टेबलं, चाळीस जोडण्या, हिशेब संपला. ती सवय घेऊन वेबवर आलेल्यांनी सुरुवातीला बराच गोंधळ घातला: पानावर कुणी टिचकी मारली की नवी जोडणी उघडायची, एक प्रश्न विचारायचा, जोडणी बंद करायची.

त्यात वाईट काय, हे कळायला एक जोडणी उघडताना काय काय घडतं ते सावकाश बघावं लागतं. पोस्टग्रेस हा मोफत आणि अतिशय भरवशाचा डेटाबेस घेऊ. प्रथम दोन यंत्रांमध्ये टीसीपीचे तीन निरोप जातात-येतात: ‘आहेस का’, ‘आहे, तू आहेस का’, ‘आहे’. मग संवाद कुलूपबंद करायचा का, हे ठरतं आणि त्यासाठीच्या किल्ल्यांची देवाणघेवाण होते. मग नाव आणि पासवर्ड. हल्लीच्या पद्धतीत पासवर्ड तारेवरून जातच नाही, तो आपल्याला माहीत आहे एवढं गणिताने सिद्ध करावं लागतं, आणि त्यालाही दोन-तीन फेऱ्या पडतात. या एका पाहुण्याची ही सगळी सरबराई करायला पोस्टग्रेस सुरुवातीलाच एक स्वतंत्र प्रोसेस जन्माला घालतो आणि तिला मेमरी देतो. एवढं सगळं झाल्यावर कुठे पहिला प्रश्न विचारता येतो, आणि ‘१४ नंबरची सीट रिकामी आहे का’ या प्रश्नाचं उत्तर एक-दोन मिलीसेकंदात मिळतं. ॲप आणि डेटाबेस एकाच शहरात असतील तर ही तयारी खपून जाते. ॲप मुंबईत आणि डेटाबेस अमेरिकेत असेल, तर एका फेरीलाच दोनशे मिलीसेकंदांच्या आसपास लागतात, आणि नुसती ओळखपाळख होईपर्यंत सेकंद उलटून जातो.

मायएसक्यूएल प्रत्येक जोडणीला प्रोसेसऐवजी थ्रेड देतो. तो हलका असतो, पण फुकट नसतो. म्हणूनच प्रत्येक डेटाबेस जोडण्यांना मर्यादा घालतो. पोस्टग्रेसमध्ये काही न बदलता ती १०० असते, मायएसक्यूएलमध्ये १५१. (१५१ हा आकडा मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर जास्त शोभला असता.) मर्यादा ओलांडली की मायएसक्यूएल कोरडेपणाने ‘टू मेनी कनेक्शन्स’ म्हणतो. पोस्टग्रेस जरा शिष्टाचार पाळतो: ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. संगणकाने मागितलेली माफी इतक्या लोकांना इतक्या अवेळी क्वचितच ऐकावी लागली असेल.

कनेक्शन ही वाट झाली. सेशन म्हणजे त्या वाटेवर आलेल्या माणसाविषयी डेटाबेसने लक्षात ठेवलेलं सगळं: तो कुठल्या नावाने आला, त्याला काय बघायची परवानगी आहे, त्याने कुठली तात्पुरती टेबलं बनवली, कुठला व्यवहार अर्धवट ठेवलाय, कुठल्या ओळींवर कुलूप घातलंय. ओरॅकलने तर या दोन गोष्टी उघडपणे वेगळ्याच ठेवल्या आहेत. तिथे एकाच जोडणीवर एकाहून अधिक सेशन चालू शकतात. पोस्टग्रेसमध्ये एका जोडणीला एकच सेशन, त्यामुळे तिथे वाढलेल्यांना हा फरक उशिरा जाणवतो.

तो जाणवून घ्यायचा सोपा प्रयोग आहे. एकाच डेटाबेसला जोडलेल्या दोन काळ्या खिडक्या पडद्यावर शेजारी-शेजारी उघडाव्यात. डावीकडे वेळेचा पट्टा भारताचा ठेवावा, उजवीकडे आंतरराष्ट्रीय यूटीसी. दोन्हीकडे ‘आत्ता किती वाजले’ असं विचारलं, तर डावीकडे आठ, उजवीकडे अडीच. डेटाबेस एक, क्षण एक, पण उत्तर ज्याच्या त्याच्या सेशनप्रमाणे. आता डावीकडे व्यवहार सुरू करून १४ नंबरच्या सीटवर एक नाव टाकावं, पण कमिट करू नये, म्हणजे व्यवहार पक्का करू नये. उजवीकडून त्याच सीटवर दुसरं नाव टाकायला जावं. कर्सर लुकलुकत राहतो. ना चूक, ना उत्तर. पाच मिनिटं थांबा, पन्नास मिनिटं थांबा, तो तसाच. मग डावीकडची खिडकी सरळ फुलीवर टिचकी मारून बंद करा. त्याच क्षणी उजवीकडचं काम होऊन जातं. डावं सेशन मेलं, त्याचा अर्धवट व्यवहार रद्द झाला, कुलूप निघालं. लॉक, कमिट, रोलबॅक या विषयांवरची पन्नास पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते या एका खटाटोपाने शिरतं.

आयआरसीटीसीच्या पानावर ‘सेशन एक्स्पायर्ड’ येतं, ते मात्र हे सेशन नव्हे. ते वेबचं सेशन, म्हणजे कुकीच्या आधारे ॲप्लिकेशनने ठेवलेली ग्राहकाची ओळख. ते अर्धा तास जगू शकतं, आणि त्या अर्ध्या तासात ग्राहकाची कामं डेटाबेसच्या वीस वेगवेगळ्या जोडण्यांवरून, प्रत्येकी काही मिलीसेकंदांत, उरकलेली असू शकतात. हे दोन्ही एकाच मापाने मोजले की काय होतं, त्याचं एक उदाहरण रचून बघू.

समजा, नालासोपाऱ्यातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने गणपतीसाठी कणकवली, देवगड, मालवण अशा गाड्या काढल्या आणि सीट बुकिंगचं ॲप एका ओळखीच्या मुलाकडून बनवून घेतलं. मुलगा हुशार आहे. एकच सीट दोघांना विकली जाऊ नये म्हणून त्याने व्यवस्थित विचार केलाय. ग्राहकाने सीट निवडली की व्यवहार सुरू, त्या सीटच्या ओळीला कुलूप, मग ग्राहकाला यूपीआयच्या पानावर पाठवायचं, पैसे आले की कमिट. घरी बसून त्याने दहा वेळा चाचणी केली, दहाही वेळा झकास चाललं. बुकिंगच्या दिवशी आठ वाजता शंभर जण यूपीआयच्या पानावर पोचले आणि एकशे एकाव्याला पोस्टग्रेसचा नकार ऐकू आला. (खरं तर तीन जोडण्या राखीव असल्याने अठ्ठ्याण्णवाव्यालाच. त्या तिन्हींविषयी पुढे.)

अशा वेळी पोस्टग्रेसमध्ये कोण काय करतंय हे दाखवणारा तक्ता उघडावा. त्याचं नाव ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’. मायएसक्यूएलवाले त्यासाठी ‘शो प्रोसेसलिस्ट’ म्हणतात, ओरॅकलवाले ‘व्ही डॉलर सेशन’ बघतात. ओळीमागून ओळ दिसते आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे एकच अवस्था: ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. व्यवहार उघडलाय ८ वाजून १ मिनिटाने, शेवटचा हुकूम ‘ही ओळ माझ्यासाठी राखून ठेव’, आणि त्यानंतर शांतता. त्यातल्या एका ओळीमागे सासऱ्यांचं डेबिट कार्ड शोधायला आतल्या खोलीत गेलेला माणूस आहे. दुसरीमागे यूपीआयचा पिन आठवणारा. प्रोसेसर जवळजवळ झोपलेला, डिस्क शांत. खिडकीवर माणूस उभा, पण तो खिशात सुटे पैसे शोधतोय, आणि मागची रांग तिष्ठत.

किती जोडण्या लागतात याचा हिशेब अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या एका साध्या नियमातून निघतो. सेकंदाला किती जण येतात आणि प्रत्येक जण किती सेकंद थांबतो, यांचा गुणाकार करायचा. रेल्वेच्याच आकड्यांवर हा नियम लावून बघावा. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, हा तोवरचा उच्चांक असल्याचं रेल्वे मंत्रालयाने जाहीर केलं. म्हणजे सेकंदाला साधारण ५३०. प्रत्येक तिकिटाचं डेटाबेसमधलं काम ५० मिलीसेकंदांचं धरलं, तर एका वेळी गुंतलेल्या जोडण्या होतात सत्तावीस. फक्त सत्तावीस! आणि प्रत्येकाने पैसे भरेपर्यंत, म्हणजे मिनिटभर, जोडणी अडवून ठेवली तर? ३१,८१४. ५० मिलीसेकंद हे इथे हिशेबासाठी धरलेलं माप आहे, पण ते दुप्पट केलं तरी निष्कर्ष तोच. गर्दी किती हा प्रश्न दुय्यम असतो. प्रत्येक जण डेटाबेसला किती वेळ धरून बसतो, यावर सगळं ठरतं.

त्यामुळे शहाणा प्रोग्रॅमर एका लांबलचक व्यवहाराचे दोन छोटे व्यवहार करतो. पहिल्यात सीटच्या ओळीत लिहायचं: ‘८ वाजून ११ मिनिटांपर्यंत अमुकसाठी राखीव’. कमिट करायचं, जोडणी परत द्यायची. ग्राहक सासऱ्यांचं कार्ड शोधेना का, डेटाबेसचं काही अडत नाही. पैसे आल्याचा निरोप आला की दुसरा व्यवहार: मुदत संपली नसेल तर सीट पक्की. बस आणि सिनेमाची बरीच संकेतस्थळं अशीच चालतात. आयआरसीटीसीने वेगळी वाट धरली आहे. तिथे आधी पैसे आणि मग बर्थ, म्हणून ‘पैसे कापले गेले, तिकीट मात्र नाही’ हा अनुभव घराघरात आहे. पैसे परत येतात, पण मधल्या काळात माणूस हैराण होतो. दोन्ही वाटांवर कुणाला तरी त्रास आहेच. राखून ठेवलेल्या सीटने मागच्याची संधी जाते, न राखलेल्या सीटने पैसे भरणाऱ्याची. तांत्रिक प्रश्न म्हणून जे समोर येतं, ते असं बऱ्याचदा त्रास कुणाच्या वाट्याला द्यायचा याचं निर्णयपत्र असतं.

जोडणी ‘परत द्यायची’ म्हणजे कुणाला? पूलला. ॲप सुरू होतानाच दहा-वीस जोडण्या उघडून ठेवतात आणि ज्याला गरज पडेल त्याला त्यातली एक उसनी देतात. कोडमध्ये ‘क्लोज’ लिहिलेलं असतं, पण ती जोडणी बंद न होता पुन्हा साठ्यात जाते. जावाच्या जगात ‘हिकारीसीपी’ हा पूल फार चालतो. त्यात काही न बदलता दहा जोडण्या असतात, आणि अकराव्याला तो तीस सेकंद थांबवून मग नकार देतो.

उसनं घेतलेलं परत द्यायला विसरणं हा मानवी स्वभाव प्रोग्रॅममध्येही उतरतो. सीट क्रमांकाच्या जागी ग्राहकाने काहीतरी भलतंच टाकलं, मध्येच चूक उद्भवली, आणि ‘क्लोज’ची ओळ त्या चुकीच्या खाली राहिली. एक जोडणी गेली. दिवसभरात असे दहा ग्राहक आले की ॲप ठप्प. रीस्टार्ट केलं की दोन तास छान चालतं, मग पुन्हा ठप्प. ही लक्षणं दिसली की अनुभवी माणूस आधी म्हणतो, “कनेक्शन लीक होतंय, बघा.” जावात २०११ पासून आणि पायथॉनमध्ये त्याच्याही आधीपासून अशी सोय आहे, की चूक होवो न होवो, जोडणी आपोआप परत जाते. ती न वापरणाऱ्याला सहानुभूती दाखवण्याचं कारण नाही.

पूल किती मोठा ठेवावा, याचं बहुतेकांच्या मनातलं उत्तर चुकीचं असतं. गर्दी आहे ना, मग दोन हजार ठेवा! ओरॅकलच्या कामगिरी-चाचणी करणाऱ्या गटाने याचं एक प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं. काम तेच, यंत्र तेच, फक्त जोडण्या २,०४८ वरून टप्प्याटप्प्याने ९६ वर आणल्या. उत्तराला लागणारा वेळ सुमारे १०० मिलीसेकंदांवरून २ वर आला. कारण उघड आहे. यंत्रात प्रोसेसरचे गाभे आठ असतील, तर एका क्षणी आठच कामं खरोखर पुढे सरकतात. बाकीची हजारो कामं एकमेकांच्या कुलपांवर थांबतात, मेमरी खातात आणि प्रोसेसरला आळीपाळीने कडेवर घ्यायला लावतात. पोस्टग्रेसच्या वर्तुळातून आलेला एक ठोकताळा प्रचलित आहे: गाभ्यांची दुप्पट अधिक फिरत्या डिस्कची संख्या. चार गाभे, एक डिस्क, तर नऊ जोडण्या. ऐकणाऱ्याला हा आकडा कंजूषपणाचा वाटतो. वरचा सत्तावीसचा हिशेब आठवला तर वाटू नये.

आणखी एक सापळा आहे. क्लाउडवर गर्दी वाढली की ॲप्लिकेशन सर्व्हर आपोआप वाढतात. दोनाचे आठ होतात. प्रत्येकाचा पूल वीसचा, म्हणजे एकशे साठ, आणि डेटाबेसची मर्यादा शंभर. मदतीला धावून आलेले नवे सर्व्हरच दाराशी चेंगराचेंगरी करतात. यावर उपाय म्हणून डेटाबेसच्या दारात एक सामाईक पूल उभा करतात. २००७ मध्ये स्काइप कंपनीतून आलेला ‘पीजीबाउन्सर’ त्यातला सर्वांत परिचित. त्याच्याकडे हजारो ॲप्स जोडून राहू शकतात, आणि पलीकडे डेटाबेसच्या मूठभर जोडण्या तो व्यवहारापुरत्या फिरवत ठेवतो. व्यवहार संपला की जोडणी दुसऱ्याला.

पण इथे सेशनची स्मरणशक्ती उलटते. समजा, ट्रॅव्हल्सच्या ॲपने सेशनमध्ये लिहून ठेवलं, ‘सध्याचा एजंट: विरार शाखा’, आणि त्यावरून कुणाला कुठली बुकिंग दिसावीत हे ठरवलं. व्यवहार संपला, खूण पुसायची राहिली, जोडणी वसई शाखेच्या हाती गेली. वसईच्या पडद्यावर विरारचे ग्राहक, त्यांच्या मोबाईल नंबरांसकट. कुठेही चूक नोंदली जात नाही, आणि म्हणूनच हा दोष ‘सर्व्हर डाऊन’पेक्षा कितीतरी वाईट. पोस्टग्रेसमध्ये सगळ्या खुणा पुसणारा ‘डिस्कार्ड ऑल’ हा हुकूम आहे. पण पीजीबाउन्सर तो आपण होऊन देतो ते अख्खं सेशन एकाकडे सोपवायच्या पद्धतीत. व्यवहारापुरती जोडणी फिरवण्याच्या पद्धतीत खूण त्या व्यवहारापुरतीच ठेवायची काळजी प्रोग्रॅमरने घ्यायची असते.

निवांत बसलेल्या सेशनचा त्रास नुसता जागा अडवण्याचा नसतो. पोस्टग्रेस एखादी ओळ बदलताना जुनी प्रत लगेच पुसत नाही. ती कुणाला अजून बघायची असेल तर मिळावी म्हणून ठेवतो, आणि गरज संपली की झाडून टाकतो. हे झाडणं स्वस्त करणारी ‘हॉट’ नावाची सोय २००८ च्या ८.३ आवृत्तीत आली. तिचं मुख्य काम पुण्यात केंद्र असलेल्या एंटरप्राइझडीबी कंपनीच्या भारतीय अभियंत्याने केलं. पण झाडूवाल्याला अट एकच: ती प्रत जुनी व्हायच्या आधीपासूनचा एखादा व्यवहार उघडा असेल तर हात लावायचा नाही. तासभर उघडा राहिलेला एक विसरलेला व्यवहार, आणि त्या तासातल्या सगळ्या जुन्या प्रती साचून राहतात. डेटाबेस फुगतो, मंदावतो, आणि कारणीभूत सेशन तक्त्यात निरागसपणे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणून बसलेलं.

जोडण्या अडून राहतात, तशा मध्येच तुटतातही. नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली आणि मोबाईलची रेंज गेली, असं भाईंदर गाठेपर्यंत घडणं काही नवं नाही. पैसे भरल्याचा निरोप निघाला, सर्व्हरने सीट पक्की करून कमिट केलं, पण उत्तर परत येताना हरवलं. ग्राहकाला वाटतं काम झालंच नाही. तो पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक मागणीला सुरुवातीलाच एक स्वतंत्र क्रमांक देऊन ठेवला, तर दुसऱ्या वेळी सर्व्हर म्हणू शकतो, ‘हे झालंय, हे घ्या तिकीट’. तो क्रमांक नसेल तर एकाच माणसाच्या नावावर दोन सीटा.

ॲप आणि डेटाबेस यांच्यामधली तारही अशीच गुपचूप तुटते. मधली फायरवॉल बराच वेळ शांत असलेली जोडणी कुणाला न सांगता विसरून जाते. दोन्ही टोकांना मात्र आपण जोडलेलेच आहोत असं वाटत राहतं. समोरचा जिवंत आहे का, हे तपासायला लिनक्स सहज दोन तास घेतो. ७,२०० सेकंद हे त्याचं मूळ माप. मायएसक्यूएल गप्प बसलेल्या जोडणीला आठ तास सहन करतो आणि मग तोडतो. समजा, मायएसक्यूएल वापरणारा दुसरा एक ट्रॅव्हल्सवाला रात्री अकराला दुकान बंद करतो, सकाळी आठला उघडतो. मधले नऊ तास पूलमधल्या जोडण्या गप्प. सकाळच्या पहिल्या ग्राहकाला ‘मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे’ दिसतं, दुसऱ्या प्रयत्नात सगळं सुरळीत, आणि तो ट्रॅव्हल्सवाला आपल्या प्रोग्रॅमरला सांगतो की सकाळी सकाळी मशीन तापायला वेळ लागतो. पूलने दर अर्ध्या तासाने जोडण्या बदलत राहायच्या, हा त्यावरचा साधा उपाय. हिकारीसीपी तो न सांगता करतो.

रेल्वेच्या बाजूला या दहा-बारा वर्षांत झालेले बदल या नजरेने वाचण्यासारखे आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये नवी ई-तिकीट यंत्रणा आली तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. त्यात ‘जेमफायर’सारखी माहिती डिस्कऐवजी मेमरीत ठेवणारी यंत्रणा होती. दर प्रश्नासाठी मूळ डेटाबेसपर्यंत जायचं टळलं की जोडण्यांवरचा ताण तेवढा उतरतो. जून २०२५ मध्ये मंत्रालयाने सांगितलं, की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉग-इनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉट्सचे असतात, आणि अडीच कोटी यूजर आयडी बंद केले आहेत. १ जुलैपासून तत्काळला आधारची पडताळणी लागली, १५ जुलैपासून ओटीपी. प्रवाशाला हा जाच वाटतो, पण दारातच परतवलेली मागणी डेटाबेसला सर्वांत स्वस्त पडते. त्याच सुमारास जाहीर झालेलं नव्या आरक्षण यंत्रणेचं उद्दिष्ट मिनिटाला दीड लाखाहून अधिक तिकिटांचं आहे. ५० मिलीसेकंदांच्या मापाने तेही सव्वाशे जोडण्यांत बसतं.

नालासोपाऱ्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे परत येताना दोन सेटिंग्ज सांगायला हवीत. व्यवहार उघडून गप्प बसलेल्या सेशनला ठरावीक वेळाने हाकलायची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे. पण मुळात ती बंद असते, आणि बहुतेक ठिकाणी बंदच राहते. ती तीस सेकंदांवर ठेवली असती, तर सासऱ्यांच्या कार्डाने फार तर एका माणसाची गाडी चुकली असती. दुसरं त्या तीन राखीव जोडण्यांविषयी. पोस्टग्रेस शंभरातल्या तीन जागा सर्वाधिकारी यूजरसाठी बाजूला ठेवतो, म्हणजे सगळं तुंबलं तरी व्यवस्थापकाला आत शिरून अडलेली सेशन तोडता येतात. घाईत बनवलेली कित्येक ॲप्स मात्र त्याच सर्वाधिकारी ‘पोस्टग्रेस’ यूजरच्या नावाने जोडलेली असतात. मग त्या तीन जागाही ग्राहकांनीच भरतात आणि ज्याच्याकडे किल्ली आहे तोच बाहेर अडकतो. त्यानंतर हातात उरतं ते ऑपरेटिंग सिस्टिममधून एखादी प्रोसेस हुडकून मारणं, किंवा अख्खा सर्व्हर रीस्टार्ट करणं. आठ वाजून पाच मिनिटांनी रीस्टार्ट केलं, तर पैसे भरत असलेल्या प्रत्येकाचा व्यवहार रोलबॅक होतो आणि त्यांच्या सगळ्या सीटा पुन्हा रिकाम्या दिसू लागतात, ज्यांचे पैसे कापले गेले त्यांच्यासकट.